तिसरी चौकट आणि घरी राहिलेला पासपोर्ट

दर ऑक्टोबरला जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये शिकायला नवी मुलं येतात आणि महिन्याभरात कुणीतरी विचारतंच, "दादा, शनिवार-रविवार पोलंडला जाऊन आलं तर चालतं ना? कार्ड पुरतं ना?" कार्ड म्हणजे जर्मनीचा रहिवासी परवाना. पूर्वी मी या प्रश्नाला एका शब्दात उत्तर द्यायचो. आता देत नाही. २०२४ च्या दिवाळीत आम्ही सहाजण क्राकूफला गेलो होतो, ते प्रकरण सगळंच लिहून काढतो. माणसं त्यांच्या गावांच्या नावांनी येतील, कारण आम्ही एकमेकांना हाकाच तशा मारतो.

कोण, कधी, कशासाठी

त्या वर्षी ३१ ऑक्टोबर गुरुवारी आला होता. सॅक्सनीत, म्हणजे ड्रेस्डेनच्या राज्यात, त्या दिवशी धर्मसुधारणा दिनाची सुट्टी असते. शुक्रवारी एकाच्याही तासाला हजेरी नव्हती, म्हणजे चार दिवस मोकळे मिळाले. नेमकं १ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन आणि रविवारी भाऊबीज. घरी जाणं परवडणारं नव्हतं आणि खोलीत बसून घरचे फोन घेत राहणं त्याहून नको वाटत होतं. नाशिककर म्हणाला, क्राकूफला जाऊ. सगळी तिकिटं, हॉस्टेल, वेळापत्रक त्यानेच जमवलं, त्यामुळे तो कारभारी ठरला. बाकी आम्ही पाच म्हणजे नागपूरकर, लातूरकर, सांगलीची, पुण्याची आणि मी कोल्हापूरचा. माझी नोकरी लागली होती, बाकीचे शिकत होते.

कोल्हापूरच्या माणसाला पोलंड तसा अगदी परका नाही. दुसऱ्या महायुद्धात रशियातून इराणमार्गे आलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, त्यात बायका-मुलंच जास्त, १९४३ ते १९४८ आमच्या वळिवड्याच्या छावणीत राहिले. महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे, आणि वॉर्सात कोल्हापूरचं. माझी आजी वळिवड्याच्या 'पोलंडवाल्यां'बद्दल शेजाऱ्यांबद्दल बोलावं तशी बोलायची. एवढ्या भांडवलावर मी गटात पोलंडचा जाणकार म्हणून मिरवत होतो. प्रत्यक्षात मी तिथे कधीच गेलेलो नव्हतो. सहापैकी कुणीच गेलेलं नव्हतं.

निघण्याआधीची चर्चा

महिनाभर ग्रुपवर कागदपत्रांची चर्चा झाली, पण ती सगळी एकाच माणसाच्या कागदांबद्दल. सांगलीची मार्चमध्ये आलेली. तिचा व्हिसा सप्टेंबरात संपला होता. रहिवासी परवान्यासाठी तिने मुदतीत अर्ज केला होता, पण परदेशी नागरिक कार्यालयात वेळच मिळत नव्हती. तोवर हातात काहीतरी असावं म्हणून तिला एक घडीचा कागद मिळाला होता. त्याचं जर्मन नाव लांबलचक आहे, इथली मुलं त्याला नुसतं 'फिक्शन' म्हणतात.

यावर सगळ्यांचं मत ठाम होतं. फिक्शनवर देशाबाहेर जायचं नाही, गेलीस तर परत घेणार नाहीत. नागपूरकर तर रोज एक नवी गोष्ट सांगायचा, कुणाला कुठल्या विमानतळावर अडवलं याची. ती मात्र घाबरून गप्प बसली नाही. तिने कार्यालयाला मेल केला, उत्तर आलं नाही. मग विद्यापीठातल्या सल्ला केंद्रात जाऊन बसली आणि तो कागद उघडून समोर ठेवला.

तिला कळलं ते असं. त्या कागदाच्या तिसऱ्या पानावर तीन चौकटी असतात आणि त्यातल्या एकीत फुली असते. निवास कायद्याच्या कलम ८१, उपकलम ३ खालच्या पहिल्या दोन चौकटींपैकी एकीत फुली असेल तर तुम्ही जर्मनीत राहू शकता, पण त्या कागदाच्या जोरावर बाहेर जाऊन पुन्हा आत येऊ शकत नाही. तिसरी चौकट उपकलम ४ ची. तिचा अर्थ असा की जुना परवाना किंवा व्हिसा अजून चालूच आहे असं धरलं जातं. जर्मनीने शेंगेन देशांना, म्हणजे आपसांत एरवी सीमा-तपासणी नसलेल्या युरोपीय देशांना, कळवलेल्या परवान्यांच्या यादीत हा तिसऱ्या चौकटीचा कागद आहे, पण एका अटीवर: सोबत तो मुदत संपलेला परवाना किंवा व्हिसा हवा. तिचा व्हिसा पासपोर्टात चिकटवलेला होता. तिची फुली तिसऱ्या चौकटीत होती. म्हणजे पासपोर्ट आणि फिक्शन अशी जोडी घेऊन ती निर्धास्त जाऊ शकत होती.

तिने पानाचा फोटो ग्रुपवर टाकला, फुलीभोवती लाल गोल काढून. नागपूरकराने अंगठा दाखवला. बाकी पाच जणांच्या कागदांबद्दल कुणी कुणाला काही विचारलं नाही. आमच्याकडे कार्डं होती. मुदतीतली, प्लास्टिकची, चिपवाली.

जाताना

ग्योरलिट्झपर्यंत सेमिस्टर तिकिटावर, म्हणजे मुलांना फुकट. तिथून जुन्या गावातला पादचारी पूल ओलांडला की नाइसे नदीच्या पलीकडे झ्गोझेलेत्स, पोलंड. पुलावर कुणी नाही. एक बाई कुत्रा घेऊन चालली होती. मधोमध उभं राहून पुण्याचीने एक पाय इकडे, एक तिकडे ठेवून फोटो काढून घेतला. "एवढंच?" लातूरकर म्हणाला.

हा पूल या प्रकरणात महत्त्वाचा आहे. त्याने आम्हाला सीमा नाहीच असं पटवलं. वास्तविक जर्मनीने पोलंड, चेकिया आणि स्वित्झर्लंडच्या सीमांवर १६ ऑक्टोबर २०२३ पासून तपासणी पुन्हा सुरू केली होती, आणि आम्ही निघालो त्याच्या दीड महिना आधी ती सगळ्याच जमिनी सीमांना लागू झाली होती. पण ही तपासणी जर्मनीत शिरणाऱ्यांची. बाहेर पडणाऱ्याला कोण अडवणार? (पोलंडने आपल्या बाजूने तपासणी सुरू केली ती नंतर, जुलै २०२५ मध्ये.)

पहिला फटका व्रॉत्सवाफहून पुढच्या गाडीत बसला. कारभाऱ्याने ऑनलाइन तिकिटं काढताना ५१ टक्के विद्यार्थी सवलत बघितली आणि आनंदाने पाच तिकिटांवर ती लावली. तिकीट तपासनीस बाईंनी जर्मन विद्यार्थी कार्डं एकेक करून उलटसुलट पाहिली आणि मान हलवली. ती सवलत पोलंडमधल्या विद्यापीठांत शिकणाऱ्यांची, तीही सव्विशीच्या आतल्यांची. आम्ही फरक भरला, वर शुल्क भरलं. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी हे आठवड्यात बऱ्याचदा पाहिलं असावं.

पैशांचंही तसंच. पोलंडमध्ये युरो नाही, झ्वॉटी आहे, तेव्हा एका युरोला सव्वाचारच्या थोडे वर. हे सगळ्यांना माहीत होतं. तरी क्राकूफच्या मुख्य चौकातल्या एटीएमने "युरोत बदलून घेऊ का?" विचारल्यावर लातूरकराने हिरवं बटण दाबलं, कारण युरो म्हटल्यावर आपलं वाटतं. युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या दरापेक्षा आपण किती टक्के जादा देतोय हे त्याच स्क्रीनवर लिहिलेलं होतं, कायद्याने ते दाखवावंच लागतं. ते वाचेपर्यंत नोटा बाहेर आल्या होत्या.

शेवंती

याचा प्रकरणाशी फारसा संबंध नाही, पण सोडवत नाही.

गुरुवारी रात्री पोचलो तेव्हा दुकानं उघडी होती. पूजेचं सामान, दूध, फळं उद्या घेऊ म्हणालो. शुक्रवारी सकाळी उठलो तर सगळं बंद. १ नोव्हेंबर म्हणजे पोलंडमध्ये सर्व संतांचा दिवस, सार्वजनिक सुट्टी. रविवारीही तिथे जवळपास सगळी मोठी दुकानं कायद्याने बंद असतात, म्हणजे उरलेल्या तीन दिवसांत खरेदीचा दिवस एकच, शनिवार. जर्मनीत रविवारच्या बंदला सरावलेलो असूनही सुट्ट्यांची यादी कुणी उघडून बघितली नव्हती.

उघडे होते ते फक्त राकोवित्स्की स्मशानभूमीच्या दारातले फुलवाले. आणि फुलं कुठली, तर शेवंती! पिवळी, पांढरी, जांभळी, कुंड्याच्या कुंड्या. पोलिश माणूस थडग्यावर शेवंती ठेवतो. शेजारी रंगीत काचेतले दिवे, त्यांना 'झ्निच' म्हणतात, झाकण असलेले, वाऱ्याने न विझणारे. घरच्या घरं, म्हाताऱ्या बायका, कडेवरची पोरं, हातात दोन-दोन दिवे घेऊन आत जात होती. अंधार पडला तशी ती अख्खी स्मशानभूमी लाल-पिवळी होऊन गेली. आम्ही कडेने चाललो, कुणी बोलत नव्हतं. पुण्याची मध्येच म्हणाली, "आज घरी सगळीकडे असंच दिसत असेल." लातूरकराला ही तुलना आवडली नाही. मला आवडली.

तिने पिवळ्या शेवंतीची एक कुंडी घेतली. दिवा घ्यायचा का, यावर दारातच वाद झाला. मेलेल्यांचा दिवा लक्ष्मीपुढे लावायचा नाही, असं लातूरकर आणि सांगलीची दोघांचं म्हणणं पडलं. शेवटी हॉस्टेलच्या अंगणात, स्वागतकक्षातल्या मुलीची परवानगी काढून, साध्या मेणबत्तीवर पूजा झाली. खोलीत ज्योत पेटवायला मनाई होती. नैवेद्याला पर्याय पिएरोगी. उकडलेल्या करंजीचाच हा प्रकार, बटाटा आणि ताज्या चीजचं सारण भरलेला. ताटलीत आले तेव्हा वर तळलेल्या डुकराच्या चरबीचे बारीक तुकडे पेरलेले होते. मेनूवर 'बिनमांसाचे' लिहिलं होतं आणि सारणापुरतं ते खरंच होतं. लातूरकराने त्या दिवाळीला केळी खाल्ली. दुसऱ्या दिवशी तो 'बेझ स्क्वार्कूफ' हे दोन शब्द शिकला, अर्थ चरबीचे तुकडे नकोत, आणि पुढे प्रत्येक ठिकाणी ते मंत्रासारखे म्हणत राहिला.

प्रत्येक दारात कार्ड चाललं

आता मूळ मुद्द्याकडे. नागपूरकराने पासपोर्ट ड्रेस्डेनच्या खोलीत ठेवला होता, आणि तो विसरून नव्हे. आदल्या वर्षी त्याच्या खोलीमित्राचा पासपोर्ट बार्सिलोनात चोरीला गेला होता. पोलिसात तक्रार, दूतावासाच्या खेपा, नव्या पासपोर्टाची वाट, आणि मग त्यावर परवान्याची नव्याने जुळवाजुळव हे सगळं त्याने जवळून पाहिलं होतं. दूतावास तातडीने देतो ते आणीबाणीचं प्रमाणपत्र भारतात परतण्यापुरतं असतं, शिक्षण पुढे चालू ठेवायला त्याचा उपयोग नाही. म्हणून त्याने ठरवलं, पासपोर्ट कुलपात, कार्ड खिशात. हा निष्काळजीपणा नव्हता, जास्तीची काळजी होती. म्हणूनच कुणाला संशय आला नाही. चौकशी करायची ती बावळटाची, नागपूरकर तर आमच्यातला सगळ्यात सावध.

हॉस्टेलने कार्ड घेतलं, नंबर लिहून परत दिलं. शनिवारी आम्ही आउश्वित्झला गेलो. तिथले प्रवेशपास नावानिशी असतात आणि दारात फोटोवालं ओळखपत्र पाहतात. तिथेही कार्ड चाललं. अडकली ती पुण्याची. ती एका गळालेल्या मुलीच्या जागी उशिरा आली होती आणि पासवर त्या मुलीचंच नाव राहिलं होतं. कारभारी हळहळला, ती म्हणाली "जाऊ दे", आणि बाहेर थांबली. आत जे पाहिलं त्यावर इथे लिहिणार नाही. अकरा लाख माणसं मारली गेलेल्या जागेबद्दल सहलीच्या हिशेबात एक परिच्छेद टाकणं मला जमत नाही. परतीच्या बसमध्ये दीड तास कुणी फोनसुद्धा काढला नाही.

पण त्या दाराने नागपूरकराची खात्री पक्की केली. "बघ," तो रात्री म्हणाला, "सगळीकडे कार्डच मागतात." खरं होतं. फक्त त्या सगळ्या दारांना तो कोण आहे एवढंच हवं होतं. शेंगेन देशांत फिरायचा त्याचा हक्क, कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंतचा, हा दोन गोष्टींवर मिळून उभा असतो: वैध रहिवासी परवाना आणि वैध प्रवासी दस्तऐवज. कार्ड सांगतं की जर्मनीने याला ठेवून घेतलंय. हा भारताचा नागरिक म्हणून सीमा ओलांडायला पात्र आहे, ते पासपोर्ट सांगतो. एकट्या कार्डावर त्याने गुरुवारी पूल ओलांडला तेव्हाच तो नियमाबाहेर गेला होता. चार दिवस कुणी विचारलं नाही इतकंच.

लुडविग्सडोर्फ, रविवार संध्याकाळ

परतीला थेट बस होती. ए-४ महामार्गावर सीमा ओलांडताच लुडविग्सडोर्फला तिला बाजूला घेतलं. बाहेर अंधार, प्रखर दिवे, तंबू. दोन संघीय पोलीस चढले, एक पुरुष, एक बाई, आणि पुढून एकेक आसन घेत मागे आले.

सांगलीची तिसऱ्या रांगेत होती. तिने पासपोर्ट व्हिसाच्या पानावर उघडून, त्यात फिक्शन तिसऱ्या पानावर दुमडून तयार ठेवलं होतं. आम्ही मागून श्वास धरून बघत होतो. पोलीसबाईंनी फुली पाहिली, व्हिसा पाहिला, चेहरा पाहिला. "डांके." पुरता अर्धा मिनिट लागला नसेल. नागपूरकर माझ्या कानात म्हणाला, "सुटली बिचारी."

मग त्याची पाळी. त्याने कार्ड दिलं.

"आणि पासपोर्ट?"

"ड्रेस्डेनला. घरी."

बाईंनी कार्ड परत दिलं नाही. त्याने फोनमधला पासपोर्टाचा फोटो काढून दाखवला. त्यांनी तो नीट पाहिला आणि म्हणाल्या की हा फोटो आहे. त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता. "कृपया सामान घेऊन खाली उतरा."

पुढची पाच मिनिटं आमच्या गटाची खरी परीक्षा होती आणि आम्ही ती काही फार चांगली दिली नाही. ड्रायव्हर थांबणार नव्हता. कारभाऱ्याची सकाळी आठची परीक्षा होती. लातूरकर म्हणाला सगळेच उतरू. तो तिशी ओलांडून इथे आलेला, त्याचा विमा खासगी, आणि तो विमा पोलंडात चालतो की नाही हे त्यालाही कुणी विचारलेलं नव्हतं. हे मला उगाच त्या क्षणी आठवलं. पुण्याची काही बोलली नाही, कालपासूनच ती कमी बोलत होती. शेवटी मी उतरलो. माझी जर्मन बरी आहे असं कारण मी दिलं.

तंबूत आम्ही पावणेदोन तास होतो. बाकावर आमच्याखेरीज दोन तरुण आणि एक म्हातारे गृहस्थ. नागपूरकराची बोटं यंत्रावर ठेवून घेतली, चिप वाचली, संगणकात पाहिलं, त्याच्या खोलीमित्राला फोन लावून पासपोर्टाचा नंबर मिळवला. कुणी धमकावलं नाही, कुणी हसलंही नाही. मध्ये एकाने त्याला पाण्याची बाटली दिली. त्याचा हात इतका थरथरत होता की झाकण मला उघडावं लागलं. नऊच्या सुमारास एका कागदावर सही घेऊन सोडलं. पासपोर्ट घेऊन अमुक दिवसांत हजर व्हा, पुढचं पत्राने कळेल. पत्र तीन आठवड्यांनी आलं. त्यातली रक्कम कुणाला सांगायची नाही असं त्याने मला बजावलंय.

मग चूक कुठे

नंतर ग्रुपवर जे झालं ते अपेक्षितच होतं. कारभाऱ्याने यादी करायला हवी होती, असं एक मत. प्रत्येकाने आपलं आपण बघायचं, हे दुसरं. मला दोन्ही अर्धवट वाटतात. कारभारी कशाकशाची यादी करणार? त्याने तिकिटं, खोल्या, बस, पास सगळं बघितलं आणि त्यातही दोन ठिकाणी फसला. आणि आपलं आपण बघायचं म्हणावं, तर नागपूरकराने ते बघितलंच होतं, चार लोकांपेक्षा जास्त.

मला वाटतं घडलं ते असं. गटात ज्याची शंका मोठ्याने बोलली जाते, त्याचीच तपासणी होते. सांगलीचीच्या कागदावर आम्ही महिनाभर चर्चा केली, म्हणून ती सगळ्यात तयार होती. तिला प्रश्न विचारणाऱ्यांना आपलं उत्तर पक्कं वाटत होतं, म्हणून त्यांना कुणी प्रश्न विचारला नाही. निघायच्या आदल्या रात्री सगळ्यांनी आपापला पासपोर्ट आणि परवाना शेजारी शेजारी ठेवून एक फोटो ग्रुपवर टाकला असता तर संपलं होतं. आता नव्या मुलांकडून मी तेवढंच करून घेतो. सुट्ट्या, सवलती, झ्वॉटी ह्यातलं चुकलं तर पैसे जातात, बाकी काही नाही.

एक गोष्ट मात्र मी ग्रुपवर लिहिली नाही. 'कार्ड पुरतं' हे वाक्य नागपूरकराचं नव्हतं. २०२२ मध्ये तो नवीन आला तेव्हा आम्ही दोघं प्रागला गेलो होतो. ना जाताना कुणी अडवलं, ना येताना. निघताना त्याने विचारलं होतं, पासपोर्ट घेऊ का? आणि मी म्हटलं होतं, कशाला, हरवशील, कार्ड पुरतं. तेव्हाही ते चूक होतं. कुणी तपासत नव्हतं म्हणून ते बरोबर वाटलं, आणि दोन वर्षं ते त्याच्या डोक्यात नियम म्हणून राहिलं.

तंबूत बसलो असताना त्याने ते काढलं नाही. विसरला असेल, किंवा नसेल.

तिथून ग्योरलिट्झ स्टेशनापर्यंत टॅक्सी करावी लागली. ड्रेस्डेनची गाडी मिळाली. सहलीचा सगळा खर्च आम्ही एका ॲपमध्ये टाकून सहांत वाटून घेतला, पिएरोगी, एटीएमचं नुकसान, शेवंतीची कुंडीसुद्धा. टॅक्सीची नोंद मी त्यात केलेली नाही. नागपूरकराने दोनदा विचारलं, किती झाले होते रे? मी म्हटलं, पावती शोधतो.